एकदाच वापरायचे सेल

आयुष्यात माझ्या हातून सगळ्यात जास्त काय झालं असेल, तर चपात्या. त्याखालोखाल सेल. चपात्या खऱ्या होत्या आणि सेल कॉम्प्युटरवरच्या खेळातले, एवढाच फरक. मान दोन्हींनी सारखीच आखडली. आता दोन्हींपैकी चपात्या तेवढ्या चालू आहेत. सेल का बंद झाले ते सांगायला बसले आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी अजून रागात आहे. राग शांत झाल्यावर लिहावं म्हणतात. मी वाट बघितली, तो काही शांत होत नाही.

आमची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी हैदराबादला गेली. आगाशीच्या घरात राहिलो नवरा आणि मी, आणि मागच्या बाजूला केळीची उरलीसुरली वाडी. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, तिथूनही त्याच वर्षी निवृत्त झाले. म्हणजे सकाळी डबा द्यायला कोणी नाही आणि दहा वाजता सही करायला मस्टर नाही. मग फोन. सुरुवातीला रोज. “जेवलीस का?” “हो.” “काय जेवलीस?” “आई, मीटिंग आहे.” मला माझा दोष माहीत आहे. दोन वाक्यं झाली की माझी गाडी लग्नाकडे वळते. आमच्यातलंच एक स्थळ आहे, मुलगा बँकेत आहे, फोटो तरी बघ. ती गप्प व्हायची. मी अजून बोलायची. होता होता रोजचा फोन आठवड्यावर आला, आणि आठवड्याचा फोन चार मिनिटांवर. मी घड्याळ बघितलं आहे, म्हणून सांगते.

मग एका दिवाळीला ती आली आणि तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिने हा खेळ घालून दिला. चौकोनी ठोकळ्यांचं एक जग असतं. त्यात डोंगर, नद्या, मेंढ्या, सगळं ठोकळ्यांचं. जमीन खणायची, झाडं तोडायची, घर बांधायचं. हरणं-जिंकणं नाही, संपणं नाही. दोघी आपापल्या घरी बसून एकाच जगात शिरू शकतो. “आई, रविवारी चारला ये तिथे. मी पण असेन,” ती म्हणाली. आगाशीच्या बाजारात भेटू म्हणावं, तितक्या सहज म्हणाली.

पहिल्या रविवारी मी तीनदा खड्ड्यात पडले आणि एकदा स्वतःच लावलेल्या आगीत जळाले. स्पीकरवर टाकलेल्या फोनमधून ती खदखदून हसत होती. तिचं तसं हसणं मी ती कॉलेजात असल्यापासून ऐकलं नव्हतं. त्यासाठी मी आणखी दहा वेळा जळाले असते.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी तिने मला सेल करायला शिकवलं. खेळात ड्रिल असतं, त्याने दगड लोण्यासारखा कापला जातो, पण त्याला वीज लागते. ती सेलातून द्यायची. तांबं वितळवून त्याची तार काढायची, कोळसा दळून त्याची पूड करायची, आणि जमिनीच्या अगदी पोटातून एक लाल भुकटी खणून आणायची. नऊ खणांच्या पाटावर ही तिन्ही एकाखाली एक मांडली की एका घाण्याला पाच सेल निघतात. घाणा हा माझा शब्द, तिथे तसं कुठे लिहिलेलं नाही. वापरणं त्याहून सोपं. ड्रिल जवळ ठेवून सेल हातात घ्यायचा, बटण दाबायचं, चुर्र आवाज होतो, ड्रिलवरची हिरवी पट्टी जराशी वर चढते, आणि सेल नाहीसा होतो. टरफलसुद्धा उरत नाही.

एवढी खटपट आणि एका दाबात खलास! मला ते पटेना. मी विचारलं, “अगं, चार्ज करायचे नाही का मिळत? आपल्याकडे टॉर्चला सुद्धा कधीचे आलेत.”

“मिळतात गं, पण त्याचं सामान लय लांब मिळतं. सध्या हेच चालवायचं,” ती म्हणाली. “आणि हे तरी कोण बनवत बसणार? मला ऑफिस आहे. तू बनव ना. मी डोंगर फोडते, तू सेल दे. तुझ्याशिवाय माझं अडतं, आई.”

तुझ्याशिवाय माझं अडतं. शाळेतून निवृत्त होताना मला शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. पण हे वाक्य कोणी म्हणालं नाही. त्या वाक्यावर मी वर्षभर जगले. अतिशयोक्ती वाटेल, वाटू दे.

रोज दुपारी जेवणं आवरली की मी कारखान्यात. आमच्या इथे शुक्रवारी बरेचदा वीज बंद असते, तेवढा वार सोडून. नवरा दारातून डोकावून विचारायचा, “कारखानदारीणबाई, आज किती माल निघाला?” मी उत्तर द्यायची नाही, पण बरं वाटायचं. विरारच्या बसमध्ये शाळेतली एक जुनी सहकारी भेटली, म्हणाली, निवृत्तीनंतर काय करतेस? “मुलीला मदत करते,” मी म्हटलं. कसली ते सांगितलं नाही.

स्वतःसाठी मी सेल फारसे वापरत नव्हते, हे सांगायला हवं. मी दगडी कुदळीने खणायची. एक ठोकळा फोडायला दहा वेळा ठोकायचं. ड्रिल होतं माझ्याकडेही, पण ते अगदीच कुदळ चालेना अशा दगडापुरतं. माल तिला जायचा. तिने तिच्या घराच्या दाराशी एक लाकडी पेटी ठेवली होती, तिच्यात मी सेल टाकून यायची. वरच्या फटीतून टाकले की आत पडत, पेटी उघडावी लागत नसे. आणि उघडायचा विचारही माझ्या मनात कधी आला नाही.

त्याचं कारण सासरचं. माझं माहेर गिरीजचं, भाजीच्या मळ्यातलं. तिथे कोणीही कोणाच्या टोपलीत हात घालायचं. सासर मात्र सुकेळीवाल्यांचं. राजेळी केळी सोलून, दिवसचे दिवस उन्हात वाळवून, केळीच्याच वाळक्या पानात घट्ट बांधायची, ती सुकेळी. बांधलेली जुडी ज्याच्या नावाने बाजूला ठेवली, ती त्याची झाली. मग ती उघडायची नाही, चाचपायची नाही, आणि त्याने खाल्ली का, कशी लागली, हे आपणहून विचारायचं नाही. उघडलं की हवा लागून माल बिघडतो हे खरं, पण त्याहून तो रिवाज होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी एका पाहुण्याची जुडी नीट बांधली गेली का म्हणून सोडून बघितली. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी एवढंच म्हणाल्या, “दिलं ना? मग ते आपलं नाही.” तीस वर्षं तेच पाळलं. दुसऱ्या कुठल्या घरातली बाई असती तर पहिल्याच आठवड्यात पेटीचं झाकण वर करून बघितलं असतं. माझी मुलगी त्याच घरात वाढली. तिला हे ठाऊक होतं.

रविवारचा आमचा संवाद ठरलेला. ती यायची, इकडे तिकडे फिरायची, आणि म्हणायची, “आई, संपले गं सेल.”

“सगळे?”

“सगळेच. डोंगर केवढा आहे बघ ना.”

मग मी तिला लाल भुकटी कुठे सापडली ते सांगायची, ती मला तांब्याची नवी जागा सांगायची, एका मेंढीवरून हसू व्हायचं, आणि तास कधी गेला कळायचं नाही. चार मिनिटांचा एक तास झाला होता. जेवलीस का, हे मी विचारायची विसरले होते. स्थळांचे फोटो मोबाइलमध्ये तसेच पडून होते.

या हिवाळ्यातली गोष्ट. मंगळवारची दुपार होती, नवरा वाडीत पाणी सोडायला गेला होता. मी खाणीत अगदी तळाला, लाल भुकटीच्या मागे. कठीण दगड लागला म्हणून ड्रिल काढलं आणि मध्येच ते बंद पडलं. माझ्याकडे एकही सेल नव्हता, होते तेवढे कालच तिच्या पेटीत टाकून आले होते. तार संपलेली, तांबं नाही. म्हटलं, तिच्यातले चार उसने घ्यावेत, रविवारी सांगून टाकू. वर चढून तिच्या दाराशी गेले. पेटीपुढे उभी राहिले आणि खरंच सांगते, माउसवरचा हात मागे घेतला. खेळातली पेटी, आजूबाजूला कोणी नाही, आणि मला सासूबाईंचा तो आठ दिवसांचा अबोला आठवत होता. शेवटी उघडली.

रिकामी. कालचे सेलसुद्धा नव्हते. मला आनंदच झाला. पोरगी ऑफिसला जाण्याआधी येऊन गेली असणार, केवढं काम करते! मी वळणार, तेवढ्यात पायाखालून घूंघूं आवाज आला. काही जळतंय की काय म्हणून मी घरात शिरले. पुस्तकांच्या कपाटामागे एक फट होती आणि फटीतून खाली पायऱ्या.

खाली एक जनरेटर चालू होता. शेजारी एका चौरंगावर पाठीला बांधायची मोठी बॅटरी, चार्ज होत असलेली, निळी लुकलुकणारी. तीच, जिचं सामान लय लांब मिळतं. आणि समोरच्या भिंतीला ओळीने पेट्या. पहिली उघडली. सेल. सोळा सोळाच्या चवडी, एकही फुटलेली नाही. दुसरी उघडली. तिसरी. अकरा पेट्या होत्या आणि अकराही काठोकाठ. मी दिलेला एकूण एक सेल त्या तळघरात होता. दाराशीच्या पेटीला तळातून नळी जोडली होती. मी वर टाकलेला माल आपसूक घरंगळून खाली जमा होत होता. त्यासाठी तिला यावंसुद्धा लागत नव्हतं.

तरी मी मनाची समजूत घातली, की हे हल्लीचे असतील, आधीचे तिने वापरले असतील. मग शेवटच्या पेटीत ते दिसले. खेळात वस्तूला नाव देता येतं. अगदी पहिल्यांदा केलेल्या सेलांना मी हौसेने नाव दिलं होतं: पहिला घाणा, आईकडून. पाच होते ते. पाचच्या पाच.

तळपायाची आग मस्तकात गेली. लाजही वाटली, ती जास्त. बसमध्ये त्या बाईला काय सांगितलं ते आठवलं आणि एकटी असूनही मी तोंड झाकलं. वर्षभर मी जमिनीच्या पोटातून भुकटी उपसत होते, मान दुखली तर तेल चोळून पुन्हा बसत होते, आणि ती पाठीला बॅटरी बांधून आरामात फिरत होती, आणि दर रविवारी न चुकता तोंडावर सांगत होती, संपले गं सेल.

नवरा वाडीतून आल्यावर त्याला सगळं सांगितलं. त्याने पाय धुतले, पुसले, आणि म्हणाला, “अगं, तू नाही का आईला शेवटी शेवटी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायला द्यायचीस? तिला बरं वाटायचं.”

“त्यांना दिसत नव्हतं,” मी ओरडले. “मला दिसतं! मला डोळे आहेत, मी एकोणसाठ वर्षांची आहे, मी अजून तांदूळ निवडायच्या रांगेत बसलेली नाही!” त्याचं चुकलं नव्हतं, म्हणून तर मी एवढी ओरडले. सासूबाईंनाही कळत असेल का, हा विचार त्या दिवशी मी पुढे जाऊ दिला नाही. एका वेळी एकच राग पेलवतो.

बुधवारी दुपारी मी पुन्हा त्या तळघरात गेले. पिशव्या भरभरून सेल वर आणले, ड्रिल हातात घेतलं आणि तिच्या घरामागच्या डोंगराला सरळ भोक पाडायला लागले. नेम काही नव्हता. पट्टी खाली आली की सेल काढायचा, दाबायचा, चुर्र, पुढे. पट्टी खाली आली की आणखी एक. जे वापरायला केलंय ते वापरलं गेलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. ड्रिल किती सुरेख चालतं हे मला वर्षभरात पहिल्यांदा कळत होतं. मी कशाला कुदळीने ठोकत बसले होते? गुरुवारीही तेच. शुक्रवारी वीज नव्हती. शनिवारी जेवणाआधीच बसले. नवऱ्याने चहा आणून शेजारी ठेवला आणि गेला. बोगदा डोंगराच्या पलीकडे निघून समुद्राखाली शिरला होता, मी तरी थांबले नाही. रडत होते, हेही सांगून टाकते. सेल दाबताना रडत होते आणि नाक पुसायला थांबले की पट्टी खाली येत होती. सगळ्यात शेवटी पहिला घाणा. पाच दाबले, पाच गेले.

रविवारी चारला ती आली. फोन स्पीकरवर. तिची ती ठोकळ्यांची मूर्ती दाराशी उभी राहिली, माझी तिच्या समोर. मी ठरवलं होतं की आधी आपण बोलायचं नाही. बघू तरी.

“आई,” ती म्हणाली, “संपले गं सेल.”

इतकं सहज. आवाजात एक सुरकुती नाही. वर्षभर मी हाच आवाज ऐकून खूश झाले होते.

“हो,” मी म्हटलं. “आता खरंच संपले. खाली जाऊन बघ.”

ती घरात गेली. फोनमधून तिच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “तू पेटी उघडलीस?” आणि मग, अगदी हळू, “तू तर कधी उघडत नाहीस ना.”

म्हणजे तिने त्यावरच सगळं रचलं होतं. आईचं वळण माहीत होतं, म्हणून दाराशीच पेटी ठेवायची हिंमत झाली. खोटं बोलली ते मी गिळलं असतं. पण ज्या गोष्टीचा मला अभिमान होता, नेमकी तीच धरून तिने मला फसवलं. मी तिला तसंच म्हटलं. मोठ्याने म्हटलं. बाहेर वाडीत ऐकू गेलं असणार. म्हटलं, मला वेडी समजलीस का, मला कामाला लावून ठेवायला मी काय पाळणाघरातली आहे का.

“तसं नाही गं,” ती म्हणाली. तीही रडत होती आता. “मला सुरुवातीला वाटलं, तू दोन आठवडे बनवशील आणि कंटाळशील. तू थांबलीच नाहीस. मग सांगणार कसं? एक पण फेकवला नाही मला. सगळे ठेवले होते ना?”

“ठेवायला नव्हते दिले. वापरायला दिले होते.”

“आई, खरं सांगू? चिडू नको.” तिने नाक ओढलं. “सेलचं बोलायला लागलो ना आपण, तेव्हापासून तू लग्नाचं काढायची बंद झालीस. आठवड्यात तेवढा एक तास मला तुझी भीती नाही वाटायची. म्हणून मी सेल संपवत राहिले.”

भीती. चिडते, ओरडते, डोकं खाते, यातलं काहीही म्हणाली असती तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. पोटच्या पोरीला माझी भीती वाटते, आणि ती माझ्या तोंडात वर्षभर काम कोंबून ठेवत होती. मी खुर्चीत मागे टेकले. पडद्यावर आम्ही दोघी ठोकळ्यांच्या बायका समोरासमोर उभ्या होतो, हलत नव्हतो.

“मग आता?” तिने विचारलं.

“आता सेल नाहीत. मी करणारही नाही,” मी म्हटलं. “आता नुसतं बोल माझ्याशी.”

पंख्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं फोन कट झाला, म्हणून मी स्क्रीनकडे बघितलं. चालू होता.

“काय बोलू, आई?” ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. ती खरोखर विचारत होती. मी तिला एखादा विषय द्यावा म्हणून तोंड उघडलं, आणि पहिलं जिभेवर आलं ते बँकेतल्या मुलाचं स्थळ. ते मागे ढकललं आणि दुसरं काय आहे ते शोधायला लागले. सव्वाचार झाले होते. माझ्या मुलीला विचारण्यासारखी एकही गोष्ट मला सुचली नाही.